गळक्या बादलीचे शहाणपण

शंकराच्या देवळात पिंडीवर टांगलेली गळती आपण सर्वांनीच पाहिलेली असते. वरून पाणी ओतावे आणि बुडाच्या बारीक छिद्रातून ते थेंब थेंब पिंडीवर ठिबकत राहावे. पुजारीबुवा बेताने पाणी घालीत राहिले तर पात्र कधी भरून वाहत नाही. पण दहा भक्त एकदम तांबे घेऊन पुढे सरसावले की ते काठोकाठ भरते आणि ओसंडते. ही गोष्ट समजायला इंजिनियर असावे लागत नाही. परंतु नेमक्या याच युक्तीवर अमेरिकेतील अवाढव्य टेलिफोन एक्स्चेंजे आपली प्रकृती सांभाळीत आली, आणि तेथील यंत्रज्ञांनी तिला 'गळकी बादली' असे चक्क मोरीतले नाव दिले, असे कुणी सांगितले तर वाचकांना ती थट्टा वाटेल. ती थट्टा नाही. त्या बादलीची आणि तिच्या भावंडांची हकीकत सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे.

प्रथम बादलीचेच पाहू. मोठ्या एक्स्चेंजात हजारो सुटे भाग असतात. वीज किंचित हलते, कुठे धूळ बसते, एखादा निरोप वाटेत बिघडतो, आणि एखादा भाग क्षणभर चुकतो. चुकला की काढ त्याला बाहेर, असे धोरण ठेवले तर संध्याकाळपर्यंत कामाला कुणी उरायचेच नाही. बरे, दुर्लक्ष करावे, तर खरोखरच कुजलेला भाग सगळ्या गावाचे बोलणे बंद पाडील. म्हणून प्रत्येक भागाच्या नावे यंत्राच्या वहीत एक काल्पनिक बादली ठेवतात. एक चूक झाली की बादलीत एक पेला पाणी; आणि ठराविक वेळ गेला की एक पेला आपोआप गळून जातो. क्वचित चुकणाऱ्याची बादली रिकामीच राहते. लागोपाठ चुकणाऱ्याची मात्र भरते, आणि ती भरून वाहिली की यंत्र त्या भागाला रजा देऊन त्याच्या जोडीदाराला कामाला लावते. आम्हा शाळामास्तरांना यात काहीच नवल वाटणार नाही. वर्गावर राज्य करायचे तर दुसरा उपायच नसतो.

अशा युक्त्यांना त्या व्यवसायात 'पॅटर्न' म्हणतात. आपल्या समीक्षकांनी रुळवलेला 'आकृतिबंध' हा शब्द मला येथे चपखल वाटतो. वारंवार येणारी एक अडचण, ती ज्या परिस्थितीत येते ती परिस्थिती, परस्परविरुद्ध ओढणाऱ्या गरजा, आणि अनुभवाने सिद्ध झालेला तोडगा, या सर्वांची एक मोट बांधून तिला एखादे सुटसुटीत नाव द्यायचे, म्हणजे आकृतिबंध झाला. दिसायला ही गोष्ट किरकोळ आहे. पण ती सुचायला माणसांना जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि त्या शंभर वर्षांत शहाणपण कुठे कुठे राहत होते हे पाहणे मोठे मनोरंजक आहे.

आरंभी ते राहत होते टेलिफोन ऑपरेटर बाईंच्या डोक्यात. तारा जोडणाऱ्या या बाईंना गावाची नाडी ठाऊक असे. एकाच वेळी शंभर दिवे लागले तर कुणाला आधी घ्यायचे, कुणाला थांब म्हणायचे, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नसे. मग आला ऑल्मन स्ट्रोजर. हा गृहस्थ धंद्याने अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा. आपली गिऱ्हाइके ऑपरेटर बाई प्रतिस्पर्ध्याकडे वळवतात, असा त्याला संशय आला आणि त्या रागाने त्याने माणसावाचून तारा जोडणारे यंत्र शोधले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका कशीही असो, १८९१ साली त्याला पेटंट मिळाले आणि १८९२ साली अमेरिकेतील ला पोर्ट या गावी त्याच्या पद्धतीचे पहिले एक्स्चेंज सुरू झाले, हे मात्र खरे. बाईंची कुरकुर गेली आणि कुरकुरीबरोबर बाईंचे शहाणपणही गेले.

पुढे १९६५ साली न्यू जर्सीतील सुकासुन्ना येथे बेल कंपनीने असे एक्स्चेंज सुरू केले की ज्याच्या तारांची जोडणी संगणकाच्या साठवलेल्या आज्ञावलीने चाले. त्याच्या निर्मात्यांनी स्वतःपुढे ठेवलेले उद्दिष्ट ऐकून आजही छाती दडपते: चाळीस वर्षांत मिळून फार तर दोन तास बंद! आपल्या घरातील भिंतीवरचे घड्याळसुद्धा याहून अधिक विश्रांती घेते. पण त्या उद्दिष्टाला कारण होते. मध्यरात्री डॉक्टरला बोलावणारा, आग लागल्याचे कळवणारा, सुईणीसाठी धावणारा माणूस याच तारेवर विसंबून असतो. यंत्राला झोप लागली तर त्याची किंमत कुणाच्या तरी प्राणाने मोजावी लागते.

आता प्रश्न असा पडला की ऑपरेटर बाईंचे व्यवहारज्ञान या संगणकाला द्यायचे कसे? या प्रश्नाचे एक सुरेख उत्तर बेल प्रयोगशाळेतील अर्ना हूवर या विदुषीने दिले. त्यांचे शिक्षण इतिहासाचे आणि तत्त्वज्ञानाचे. येल विद्यापीठाची त्यांची डॉक्टरेट १९५१ सालची. १९५४ मध्ये त्या प्रयोगशाळेत आल्या. गर्दीच्या वेळी एकदम फोन आले की संगणक गुदमरून जाई. नुकतीच मुलगी झालेली, बाळंतपणासाठी इस्पितळात पडून असताना हूवरबाईंनी यावरील तोडग्याची पहिली रेखाटने केली. तोडगा असा की यंत्राने येणाऱ्या फोनांच्या गर्दीवर स्वतःच नजर ठेवावी, आणि गर्दी वाढली की हिशेबठिशेबाची दुय्यम कामे मागे सारून फोन घेण्या-जोडण्याचे मुख्य काम आधी करावे. दारात पाहुण्यांची रीघ लागली असता घरची गृहिणी भांडी घासायला बसत नाही, आधी पाने वाढते. नेमके हेच त्या यंत्राला त्यांनी शिकवले. १९७१ साली त्याचे पेटंट त्यांच्या नावे झाले. सॉफ्टवेअरवर दिल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पेटंटांत त्याची गणना होते.

परंतु सगळ्याच युक्त्यांना असे पेटंटाचे भाग्य लाभत नाही. बहुतेक युक्त्या जुन्या कारागिरांच्या डोक्यात, फार तर त्यांच्या वहीच्या समासात राहतात. नवा मुलगा कामाला आला की जुना जाणता त्याला म्हणे, "येथे हात लावू नकोस, त्याला कारण आहे." कारण काय, ते सांगायला वेळ नसे. जाणता निवृत्त झाला की कारणही त्याच्याबरोबर घरी जाई. आपल्याकडील वैद्यांच्या मात्रा आणि गवंड्यांचे चुन्याचे प्रमाण असेच गेले.

आणि कारण न समजता यंत्राला हात लागला म्हणजे काय होते, याचे प्रत्यंतर १५ जानेवारी १९९० रोजी आले. अमेरिकेतील ए. टी. अँड टी. कंपनीच्या दूरच्या फोनांचे जाळे ११४ प्रचंड स्विचांवर उभे होते. त्या दुपारी न्यूयॉर्कमधील एका स्विचात किरकोळ बिघाड झाला. नियमाप्रमाणे त्याने शेजाऱ्यांना "काही सेकंद माझ्याकडे फोन पाठवू नका" असे कळवले, स्वतःला सावरले आणि पुन्हा फोन पाठवायला सुरुवात केली. येथवर सारे यथास्थित. पण काही आठवड्यांपूर्वी, कामाला वेग यावा म्हणून, आज्ञावलीत एक फेरफार झाला होता आणि त्यात एक आज्ञा चुकीच्या जागी बसली होती. "शेजारी बरा झाला" ही नोंद करीत असतानाच त्या शेजाऱ्याचा दुसरा निरोप क्षणाच्या शतांश भागात येऊन थडकला, की नोंद घेणाऱ्या स्विचाची वहीच बिघडे. मग तो स्वतःला आजारी समजून काही सेकंद मिटून घेई, बरा होई, आणि बरा झाल्याचे शेजाऱ्यांना कळवी. आणि त्या शुभवार्तेने शेजारी आजारी पडत! सुमारे नऊ तास हा साथीचा रोग देशभर फिरत राहिला. कोट्यवधी फोन लागलेच नाहीत. जाळ्यावरील निरोपांचा भार कमी केला, तेव्हा कुठे स्विचांना श्वास घ्यायला उसंत मिळाली. दोष एका ओळीचा होता. पण बरे होण्याची युक्तीच रोग पसरवू शकते, हा धडा सर्वांचा होता. असे धडे केवळ काही जाणत्यांच्या डोक्यात ठेवून भागणार नाही, हे उघड झाले.

डोक्यातील शहाणपण कागदावर उतरवण्याची रीत मात्र टेलिफोनच्या जगातून आली नाही. ती आली घरे बांधणाऱ्यांच्या जगातून, आणि मौज अशी की तिच्या वाटेवर आपल्या देशातील एक खेडे लागते. क्रिस्टोफर अलेक्झांडर हा १९३६ साली व्हिएन्नात जन्मलेला, केंब्रिजमध्ये गणित आणि वास्तुशास्त्र शिकलेला तरुण साठीच्या दशकाच्या आरंभी गुजरातेतील एका खेड्यात येऊन राहिला. खेड्याची नवी रचना करायची तर काय काय पाहावे लागेल, याची त्याने यादी केली. ती १४१ कलमांची भरली. पाणी, चारा, गुरांचा निवारा येथपासून सण-उत्सवांना जागा, देवळाची इच्छा, पवित्र मानलेली झाडे, जातीजातींतील अंतर येथपर्यंत सर्व काही त्यात होते. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या 'नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म' या त्याच्या पुस्तकात हेच खेडे उदाहरण म्हणून आले आहे. एका गरजेला धक्का लावला की दुसरी हलते, म्हणून गरजांचे गट पाडून त्यांचा एकत्र विचार करावा, हे त्याचे सूत्र.

पुढे १९७७ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी 'अ पॅटर्न लँग्वेज' हा जाडजूड ग्रंथ काढला. त्यात २५३ आकृतिबंध आहेत. खोलीला दोन बाजूंनी उजेड असावा. सज्जा सहा फुटांहून अरुंद असेल तर तेथे कुणी बसत नाही. घराच्या दारापुढे रस्त्याकडे बघत बसायला एक बाक असावा, अशी ती कलमे. हा शेवटचा बाक म्हणजे आपला ओटाच की! ओटा कुणी शोधून काढला हे कुणालाही ठाऊक नाही. अलेक्झांडरचे मोठेपण असे की त्याने ओटा शोधल्याचा दावा केला नाही. ओटा का हवा, कुठे हवा आणि केवढा हवा, हे त्याने सांगितले आणि त्याला नाव दिले.

हे पुस्तक वास्तुशास्त्रज्ञांपेक्षा आज्ञावली लिहिणाऱ्यांना अधिक आवडले. १९८७ साली केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या दोघांनी संगणकाच्या पडद्यावरील खिडक्यांच्या रचनेसाठी पाच आकृतिबंध लिहून एका परिषदेत मांडले. १९९३ साली कोलोरॅडोच्या डोंगरात काही समविचारी मंडळी जमली आणि 'हिलसाइड' मंडळ जन्मले. १९९४ साली गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांचा २३ आकृतिबंधांचा ग्रंथ निघाला आणि तो त्या व्यवसायाची बाराखडी होऊन बसला. त्याच वर्षी इलिनॉय राज्यात आकृतिबंध लिहिणाऱ्यांचे पहिले संमेलन भरले.

त्या संमेलनाची रीत आम्हा लेखकांना हेवा वाटावा अशी आहे, आणि ती कवींच्या बैठकींतून उचललेली आहे. लेखकाने आपल्या लिखाणातील एखादा परिच्छेद वाचून दाखवायचा आणि मग गप्प बसायचे. इतरांनी तो जणू तेथे नाहीच असे समजून आधी गुण सांगायचे, मग सुधारणा सुचवायच्या. लेखकाला समर्थन करायची मुभा नाही. शेवटी आभार मानण्यापुरती आहे. आपल्या साहित्य संमेलनांत ही प्रथा आली तर अर्धी भांडणे मिटतील आणि अर्धे वक्ते घरी बसतील! दुसरा नियम याहून नम्र आहे. किमान तीन वेगवेगळ्या ठिकाणी वापरून यशस्वी ठरल्याखेरीज कुठल्याही युक्तीला आकृतिबंध म्हणू नये, असा त्या मंडळींचा दंडक. नवीन कल्पना आणाल तर बाहेर; जुनी, घासून पुसून सिद्ध झालेली आणाल तर स्वागत.

याच वातावरणात बेल परिवारातील जेम्स कोप्लिन, रॉबर्ट हॅन्मर इत्यादींनी टेलिफोन एक्स्चेंजांतील जुन्या जाणत्यांचे शहाणपण वेचायला घेतले. १९९६ साली ते प्रसिद्ध झाले, आणि आपली गळकी बादली त्यातच सापडते. तिची भावंडेही पाहण्यासारखी आहेत. एकाचा आशय असा की बिघाड दिसताच धावू नये. क्षणभर थांबून तो आपोआप ओसरतो का पाहावे. दुसऱ्याचा असा की यंत्र स्वतःला सावरीत असताना त्याने पाच मिनिटे तरी घाबरवणारे निरोप पुनःपुन्हा पाठवू नयेत; नाहीतर माणसे बिघाड सोडून निरोपांच्याच मागे लागतात. आणि मग दोन सख्खे पण एकमेकांकडे पाठ केलेले भाऊ येतात. एक सांगतो, माणसाचा हस्तक्षेप होईल तितका कमी करा, कारण बऱ्याच चुका माणसेच करतात. दुसरा सांगतो, शेवटी माणसालाच अधिक कळते; म्हणून जाणत्या माणसाला यंत्राचा निर्णय फिरवण्याची वाट ठेवा. या दोघांत खरा कोण? दोघेही. कुणाचे केव्हा ऐकायचे ते परिस्थिती ठरवते, आणि म्हणूनच प्रत्येक आकृतिबंधाच्या माथ्यावर परिस्थिती लिहिलेली असते.

त्याच साली जेरार्ड मेसारोश यांनी गर्दीविषयीचे आकृतिबंध प्रसिद्ध केले. त्यांतील एक ऐकून रांगेत वाढलेल्या आपल्यासारख्यांच्या न्यायबुद्धीला धक्काच बसेल: गर्दी अनावर झाली की आधी नव्याला घ्या, जुन्याला नंतर! का? तर ताटकळलेला माणूस कंटाळून फोन ठेवून देतो. त्याचे काम हाती घेईपर्यंत तो निघून गेलेला असतो, श्रम फुकट जातात, आणि तोवर नवाही ताटकळून जुना होतो. न्यायाने चालाल तर सर्वांवर सारखाच अन्याय होईल. पण याच्या शेजारीच दुसरे कलम आहे: जे काम हाती घेतले ते आधी पुरे करा. अर्धवट जोडलेला फोन सोडून देणे म्हणजे त्यावर खर्चलेले सारे श्रम पाण्यात. डग्लस श्मिट यांचा 'रिॲक्टर' हा आकृतिबंध मला पंगतीसारखा वाटतो. प्रत्येक पानामागे एक वाढपी उभा करण्याऐवजी एकच चलाख वाढपी सर्वांवर नजर ठेवतो आणि ज्याचे पान रिकामे त्याच्याकडे वळतो. २००१ साली लिंडा रायझिंग यांनी 'डिझाइन पॅटर्न्स इन कम्युनिकेशन्स सॉफ्टवेअर' या ग्रंथात दळणवळणाच्या सॉफ्टवेअरचे असे कितीतरी आकृतिबंध एकत्र केले.

परिस्थिती विसरून तोडगा उचलला तर काय होते, याचा दाखला ४ जून १९९६ रोजी आकाशात लिहिला गेला. युरोपचे नवे 'एरियन ५' रॉकेट फ्रेंच गयानातील कुरू येथून उडाले आणि सुमारे चाळीस सेकंदांत फुटले. दिशा दाखवणाऱ्या यंत्राची आज्ञावली जुन्या 'एरियन ४'कडून घेतली होती. जुन्या रॉकेटात ती निर्दोष चालली होती. नव्याचा आडवा वेग अधिक. तो आकडा ठरवून दिलेल्या जागेत मावेना आणि यंत्राने मान टाकली. राखीव म्हणून जोडीला दुसरे यंत्र होते. पण त्यातही तीच आज्ञावली, म्हणून त्यानेही तेच केले. एकाच पंतोजींच्या हाताखाली शिकलेल्या दोन जुळ्या भावांना तेच गणित घातले तर दोघे एकाच पायरीवर अडणार! ज्या गणिताने हा घात केला, ते उड्डाणानंतर करण्याची गरजही नव्हती.

उलट बाजूचा दाखला आपल्या अगदी शेजारचा आहे. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने सॅम पित्रोदांच्या प्रेरणेने ग्रामीण एक्स्चेंज बनवायला घेतले, तेव्हा परदेशी यंत्राची नक्कल करणे सोपे होते. परंतु परदेशी यंत्राला थंड हवेची खोली लागते, आणि आपल्या खेड्यात ऊन, धूळ आणि लहरी वीज यांचेच राज्य. तेव्हा थंड खोलीवाचून चालेल असे छोटे, १२८ जोडण्यांचे एक्स्चेंज त्यांनी बनवले. १९८६ साली राणी चन्नम्माच्या कित्तुरात त्याचा श्रीगणेशा झाला. तेथे कुणी आकृतिबंधाचे नाव घेतले असेल वा नसेल; पण तोडग्याआधी परिस्थिती पाहावी, हे त्यामागचे मर्म त्या मंडळींनी पुरेपूर ओळखले होते.

१९९६ सालच्या शरद ऋतूत, आकृतिबंधांची कीर्ती शिगेला पोचलेली असताना, सॉफ्टवेअरवाल्यांनी आपल्या परिषदेत खुद्द अलेक्झांडरला बोलावले. त्याने कौतुक केले. पण शाबासकीवर थांबला नाही. माझ्या कामात आकृतिबंध ही केवळ सोयीची गोष्ट नव्हती, त्यात एक नैतिक आग्रह होता, अशा आशयाचे तो बोलला. घर बांधून त्यात राहणाऱ्याचे जीवन अधिक सुखाचे होते का, हे आम्ही तपासत होतो. तुम्ही काय तपासता? २०२२ साली अलेक्झांडर वारला. त्याचा प्रश्न मात्र अजून तसाच उभा आहे.

मला वाटते, त्याचे थोडेसे उत्तर त्या गळक्या बादलीपाशीच आहे. तिच्यात कसली विद्वत्ता नाही. चूक होणारच हे तिने आधीच मान्य केले आहे, एकदा चुकलेल्याला क्षमा केली आहे, आणि सतत चुकणाऱ्यामुळे सर्वांचे नुकसान होऊ नये म्हणून बेताची कठोरताही ठेवली आहे. ती कुणी प्रथम टांगली हे बहुतेकांना ठाऊक नाही, जसे ओटा कुणी बांधला हे ठाऊक नाही. परंतु कुणीतरी तिला नाव दिले, तिची परिस्थिती लिहून ठेवली, आणि म्हणून ज्याने एक्स्चेंज कधी पाहिलेही नाही असा पोरसवदा मुलगासुद्धा आज ती उचलून आपल्या कामात टांगू शकतो. आणि मध्यरात्री डॉक्टरला लावलेला फोन लागतो. ज्याचा लागतो त्याला या सगळ्याची गंधवार्ताही नसते, आणि नसावीच. देवळातून बाहेर पडताना आपण तरी गळतीचा विचार कुठे करतो?